वेरूळला जाताय? मग जेवणाचं आधी ठरवा

वेरूळच्या पाचव्या लेण्यात शिरलात की मधोमध दोन लांबलचक, बुटक्या दगडी बैठका दिसतात. दारापासून थेट आतल्या बुद्धमूर्तीच्या दिशेने त्या एकमेकींना समांतर गेल्या आहेत. भिक्षू इथे समोरासमोर बसून पाठ करत असावेत, असं काही अभ्यासक मानतात. ही त्यांची भोजनशाळा होती, असं काहींचं म्हणणं. मुंबईजवळच्या कान्हेरीत अकराव्या लेण्यातही अशाच बैठका आहेत. घरी आलेल्या पाहुण्यांना मी या लेण्यात जरा वेळ थांबवते आणि एवढंच सांगते, की डोळ्यांसमोर पंगत आणा. मग त्या अंधाऱ्या दालनात एकदम माणसं दिसायला लागतात.

आणि त्याच दिवशी दुपारी दमून, भुकेजून तीच मंडळी फाटकासमोर दिसेल त्या हॉटेलात शिरतात आणि पनीर बटर मसाला मागवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दीड हजार वर्षांचा दगड पाहायला एवढ्या लांबून यायचं आणि त्या दगडाभोवतीच्या मातीत काय पिकतं, काय शिजतं, हे न चाखताच परतायचं!

दोष पाहुण्यांचा नाही. इथलं खरं जेवण फाटकाबाहेर आयतं मांडून ठेवलेलं नसतं. त्याचं आधी ठरवावं लागतं, सकाळी सांगून ठेवावं लागतं आणि ऋतू पाहून मागावं लागतं. ते कसं, हे पुढे क्रमाने लिहिते आहे. मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, आणि एक पूर्ण दिवस हाताशी आहे, असं धरून चालू.

पहिली पायरी : वार आणि ऋतू बघा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. ही उलटापालट लक्षात न राहिल्याने बंद फाटकापुढे उभी राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी जायचं असेल तर वार कागदावर लिहून घ्या.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र हे घृष्णेश्वराचे दिवस. मंदिर लेण्यांपासून अगदी जवळ आहे आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, त्यामुळे रांगा लांबच लांब लागतात. त्या दिवशी भाकरी-पिठल्याचा हट्ट धरू नका. भगर आणि शेंगदाण्याची आमटी मागा. आमच्याकडे वरीच्या तांदळाला भगर म्हणतात. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, जिरं आणि आमसुलाची ही आमटी गरम भगरीवर ओतली की उपवास नसलेलेही दुसरी वाढ घेतात. साबुदाण्याची खिचडी महाराष्ट्रात कुठेही मिळेल, भगर-आमटी मात्र इथेच खाऊन घ्या.

श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून हजारो माणसं रात्रभर पायी जातात. ही मूर्ती निद्रिस्त, आडवी आहे. वाटेत ठिकठिकाणी मंडप टाकून लोक चालणाऱ्यांना चहा आणि फराळ देतात. गाडीने जाणाऱ्याला ही रात्र अडचणीची वाटेल. चालायची तयारी असेल तर मात्र या रस्त्यावर याहून चांगलं पाहुणपण तुम्हाला मिळणार नाही.

आता ऋतू. पावसाळ्यात लेण्यांचा डोंगर हिरवा होतो आणि एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. ताटात तेव्हा रानभाज्या येतात: तरोटा, कुर्डू, चिवळ. हॉटेलच्या पाटीवर त्या नसतात, विचारल्यावर मिळतात. पावसाळा सरता सरता अंबाडीचे दिवस येतात, दिवाळीच्या आगेमागे घाटात सीताफळांच्या टोपल्या लागतात. थंडी म्हणजे बाजरी, वांगी, मेथी, हरभऱ्याचा पाला, पेरू आणि हुरडा. खाण्यासाठी येणार असाल तर डिसेंबर-जानेवारी निवडा, यात मला तिळमात्र शंका नाही. उन्हाळ्यात दुपारी दगड तापतो, भूक मरते. तेव्हा ताक, कांदा, कैरीची चटणी आणि हलकी भाकरी एवढंच पुरतं. मेमध्ये आलात तर केसर आंबा घरी न्या. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे.

दुसरी पायरी : सकाळीच सांगून ठेवा

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: दुपारचं जेवण सकाळी जातानाच सांगा.

शहरातून दौलताबाद साधारण पंधरा किलोमीटर. तिथून पुढे घाट चढला की खुलताबाद, आणि उतरल्यावर वेरूळ. एकूण तीस किलोमीटरच्या आसपास. या सगळ्या वाटेवर आणि वेरूळच्या पुढे कन्नडच्या दिशेला ढाबे, घरगुती खानावळी आणि शेतातली जेवणाची ठिकाणं आहेत. सकाळी सात-साडेसातला जाताना यातल्या एखाद्या ठिकाणी गाडी थांबवा, चहा घ्या आणि बोला. आधी नुसतं निरखा. चूल पेटली आहे का? अंगणात कोथिंबीर, कांद्याची पात निवडणं चालू आहे का? परातीशेजारी पिठाचा डबा आहे का? ‘चुलीवरचं’ असं लिहिलेली पाटी आता प्रत्येक वळणावर दिसते. पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा मागच्या बाजूला जाऊन चूल बघावी. ‘मावशी, चूल बघू का?’ असं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट कौतुकाने दाखवतात.

मग विचारा: आज ज्वारीचं पीठ आहे की बाजरीचं? कधीचं दळलेलं? ताजी भाजी कोणती? तेल शेंगदाण्याचं की दुसरं? आणि शेवटी स्पष्ट सांगा: ‘आम्ही सात जण. दीड वाजता येतो. ज्वारीच्या भाकरी, घट्ट पिठलं, भरली वांगी, ठेचा आणि ताक.’ थोडे पैसे आगाऊ द्या. तुम्ही याल याची त्यांना खात्री हवी. सात माणसांचं रांधून ठेवायचं आणि माणसंच आली नाहीत, तर त्या घराचा दिवस वाया जातो.

आधी सांगायचं ते यासाठी. भाकरी हातावर एकेक थापली जाते. पीठ मळून, थापून, तव्यावर पाणी फिरवून, उलटून, विस्तवावर फुगवायची म्हटलं तर सवयीच्या हातालाही एकीला दोन-तीन मिनिटं लागतात. सात जणांच्या चौदा भाकरी म्हणजे अर्धा-पाऊण तास. तुम्ही अचानक दुपारी दोनला जाऊन बसलात तर एकतर सकाळच्या भाकरी मिळतील, नाहीतर पोळ्या. वांगीही आधी सांगितली असतील तर भरून मंद शिजतात, नाहीतर फोडणीत परतलेल्या फोडी ताटात येतात.

एसटीने जाणाऱ्यांसाठीही हे शक्य आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळमार्गे जाणाऱ्या गाड्या सकाळपासून असतात. गावात उतरल्यावर लेण्यांकडे जाण्याआधी दहा मिनिटं खानावळीत घालवा, बास.

न्याहारी मात्र घरून किंवा शहरातून बांधून घ्या. माझ्या डब्यात धपाटे असतात. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि गव्हाचं पीठ, लसूण-मिरची, तीळ, ओवा, कोथिंबीर, आणि भिजवायला आंबट दही. दह्यामुळे ते दुपारपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. लेण्यांच्या आत डबा उघडायचा नाही. तो नियम आहेच, शिवाय इथली माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. फाटकाबाहेर खाऊन घ्या आणि पाण्याची बाटली तेवढी आत न्या, माणशी दोन लिटर तरी.

लेणी पाहताना भुकेचं गणित

एकूण चौतीस लेणी: एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळी एका दमात पाहणारे शेवटी काहीच पाहत नाहीत. सकाळी बौद्ध लेणी करा. पाचव्यात थांबा, दहाव्यात छताच्या दगडी वाशांकडे बघत जरा वेळ निवांत राहा. मग सोळावं, कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सकाळी ते सावलीत असतं. एक वाजेपर्यंत तिथून निघा आणि जेवायला जा. दुपारी परत येऊन जैन लेणी पाहा आणि उतरत्या उन्हात कैलासाला पुन्हा एक फेरी मारा. पोट भरलेलं असलं की दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त दिसतं, हा माझा दरवेळचा अनुभव आहे. मात्र बाहेर पडून परत आत येताना तेच तिकीट चालेल का, हे सकाळी खिडकीवरच विचारून ठेवा.

ताट आलं. आता काय, कसं खायचं?

पहिली परीक्षा भाकरीची. चांगल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा अखंड सुटतो, आतून वाफ निघते, कडा चिरलेल्या नसतात. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारी ताकद, जाते, भाकरी थापताना फाटते. म्हणून तर दळण कधीचं, हा प्रश्न सकाळी विचारायचा. रब्बीच्या ज्वारीची, म्हणजे शाळूची, भाकरी पांढरी आणि गोडसर असते. आमच्या जिल्ह्यात आता कापूस आणि मक्याची शेतं जास्त दिसतात, ज्वारी मागे पडली आहे. म्हणून शाळूची भाकरी समोर आली की ती साधी गोष्ट समजू नका. थंडीत बाजरीची मिळाली तर वरून लोणी मागा आणि गूळही.

भाकरी ताटात ठेवून गार होऊ देऊ नये. एकेक मागवावी. गरम भाकरीचा तुकडा मोडून आधी नुसत्या ठेच्याबरोबर खा. इथला ठेचा म्हणजे तव्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, दाणे आणि मीठ, सगळं तव्यातच बत्त्याने किंवा लोट्याच्या बुडाने रगडलेलं. वाटण्याच्या यंत्रातून काढलेला ठेचा एकजीव, ओला असतो. रगडलेल्यात मिरचीची साल, दाण्याचे तुकडे दाताखाली येतात. तिखट झेपत नसेल तर त्यावर कच्चं तेल घ्या. पाणी प्यायलं तर जळजळ वाढते.

पिठलं दोन तऱ्हांचं: पातळ, ओतता येणारं, आणि घट्ट, ज्यावर बोट ठेवलं तर खळगा राहतो. इथे घट्टच मागवा. कढईच्या तळाशी लागलेली खरवड आवर्जून मागून घ्या. ती आपणहून कुणी वाढत नाही, घरातली मुलं पळवतात.

भरल्या वांग्यात दाणे, तीळ, खोबरं आणि काळा मसाला. अंबाडीची भाजी मिळाली तर सोडू नका. ती मुळात आंबट, त्यात ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून शिजवतात आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओततात. हुलग्याचे शेंगोळे हा पावसाळी आणि हिवाळी पदार्थ. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या बोटभर वळ्या लसणाच्या रश्शात शिजतात, तो रस्सा आपोआप दाट होतो. वेळखाऊ काम आहे, तेव्हा शेंगोळे हवे असतील तर आदल्या दिवशी फोन केलेला बरा. जवसाची आणि कारळाची चटणी कोपऱ्यात असते. आणि कांदा बुक्कीने फोडलेला असावा, चाकूने कापलेला नव्हे. बुक्कीने फुटलेल्या कांद्याची चव गोड लागते, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे.

कन्नडच्या रस्त्याला लागलात तर शेवभाजीच्या पाट्या दिसतील. पुढे घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. ही चव तिकडून वर चढून आली आहे. झणझणीत काळ्या रश्श्यात जाड शेव. ती शेवटच्या क्षणी घालायला सांगा, नाहीतर लगदा होतो.

मांसाहार हवा असेल तर चुलीवरचं मटण आणि गावरान कोंबडी या वाटेवर मिळते, पण तेही सकाळीच सांगायचं. आणि एक विनंती. घृष्णेश्वराला जायचं असेल तर दर्शन आधी, मटण नंतर. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, हेही लक्षात असू द्या. मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे मंदिर गावकऱ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे, आपण त्यांचे पाहुणे आहोत.

परतीच्या वाटेवर : खुलताबाद आणि दौलताबाद

घाट चढून खुलताबादला थांबा. चिश्ती सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी, जर जरी जर बक्ष यांचे दर्गे इथे आहेत. औरंगजेबाची उघडी, साधी कबर इथेच. हैदराबादचा पहिला निजाम आणि ज्याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवलं तो मलिक अंबरही याच गावात विसावला आहे. एवढा इतिहास एका छोट्या गावात दाटलेला असल्यावर खाणंही मिसळतंच. इथल्या उरुसात खाजा विकायला येतो: मैद्याचे पदर सुटलेला, तळलेला, गोड. उरूस जवळ असेल तर खाजा घ्या आणि घरी न्या, प्रवासात टिकतो. इतर दिवशी बाजारातला कडक चहा पुरे.

दौलताबादच्या पायथ्याशी हंगामाप्रमाणे फळं असतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे आला, तेव्हा त्याने दौलताबादच्या द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख केला होता, वर्षातून दोनदा बहर येतो म्हणून. आज मला इथले पेरू आणि सीताफळं जास्त आवडतात. सीताफळ घेताना डोळे बघा. फुगलेले, त्यांच्यामधली भेग पिवळसर पांढरी झालेली असेल तर फळ एक-दोन दिवसांत पिकेल. काळं पडलेलं आजच खायचं. गाडीत पिकलेलं फळ खाली ठेवू नका, बाकी सामानाचं वाटोळं होतं. किल्ला चढायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी ठेवा. जेवून किल्ला चढणं हा दोघांवरही अन्याय आहे.

संध्याकाळची पायरी : नान-खलिया

शहरात परतल्यावर तासभर आराम करा. कारण आता या शहराचा सगळ्यात स्वतःचा पदार्थ खायचा आहे.

1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. एवढ्या मोठ्या सैन्याला एकाच वेळी जेवू घालायला जमिनीत तंदूर खोदून नान भाजले गेले आणि भल्या मोठ्या देगांमध्ये मटण शिजलं. तेच नान-खलिया, अशी कथा शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पदार्थाची बांधणी पाहिली की कथा पटते. हे चार माणसांच्या घरातलं स्वयंपाकघर नव्हेच. एकेक रोटी भाजायला वेळ नाही, म्हणून मोठे नान एकदम भाजायचे. वाढायला सोपं, म्हणून एकच रस्सा. आजही लग्नात शेकडो माणसांना हेच वाढलं जातं.

इथला नान उत्तर भारतीय हॉटेलातल्या नानासारखा नसतो. तो जाड, फुगीर, पावाच्या जवळचा असतो. आंबवलेलं पीठ, आणि वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला. त्याने सोनेरी रंग आणि किंचित गोडी येते. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, दाणे, दही, लाल तिखट आणि गरम मसाला. वर लाल तर्री. तिखट रश्शाला गोडसर नान, हीच त्याची गंमत.

मागवायची पद्धत सांगते. जुन्या शहराच्या बाजूला जिथे नानांच्या चळती समोर रचलेल्या दिसतात, तिथे जा. लवकर जा, सातच्या सुमारास. चांगला खलिया देग संपली की संपला, नवीन चढवत नाहीत. पहिल्यांदा खात असाल तर दोघांत एक वाटी आणि माणशी एक नान मागवा. नान दिसतो त्यापेक्षा जास्त पोट भरतो. तर्री कमी हवी असेल तर वाढणाऱ्याला आधी सांगा, ते वरचा थर बाजूला सारून आतला रस्सा देतात. नान मोडायचा, रश्शात पुरता बुडवायचा आणि दोन-तीन क्षण थांबायचं. तो रस्सा पितो. कोरडा नान आणि बाजूला रस्सा असं चमच्याने खाल्लं तर निम्मी चव गेली. लिंबू आणि कांदा सोबत येतो. लिंबू पिळा, जड खलिया हलका वाटतो.

शाकाहारी वाचकांना सरळच सांगते: या पदार्थाचा शाकाहारी पर्याय नाही. दालचा म्हणून जी डाळ मिळते तीही बहुतेक वेळा मटणाबरोबर शिजलेली असते, तेव्हा नुसतं नाव ऐकून मागवू नका, विचारा. नान मात्र घरी न्या. त्यात दूध किंवा अंडं आहे का हे विकणाऱ्याकडून कळून घेऊन, दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करून घट्ट मसालेदार आमटीबरोबर खा. फार छान लागतो.

थंडीत आलात तर : हुरड्याची सकाळ

हुरडा असेल तर वरचं सगळं वेळापत्रक मोडा आणि लेण्यांच्या आधी शेतात जा.

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा. दाणा नखाने दाबला की दुधाळ रस सुटतो, पण वाहून जात नाही, ती अवस्था. ती एका कणसात जेमतेम आठवडाभर टिकते. त्यापुढे दाणा निबर होतो. म्हणून शेतकरी वेगवेगळ्या दिवशी पेरलेले तुकडे राखतात. हुरड्याचे वाणही वेगळे असतात. सुरती हुरड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, परभणीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा वाण दिला आहे. जाण्याआधी फोनवर विचारा की वाण कोणता आणि आज कणीस कोवळं आहे का. ‘आहे, या’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. ज्याला माहिती असते तो दाण्याबद्दल भरभरून बोलतो.

आगटी म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा खड्डा. कणसं त्यात खुपसून भाजतात, मग गरम गरम हातावर चोळून दाणे काढतात. चोळणाऱ्याच्या शेजारी बसा, लांब टेबलावर नको. हुरड्याला मिनिटाचंही अंतर सहन होत नाही, गार झाला की तो नुसता दाणा. सोबत लसणाची चटणी, दाण्याची चटणी, दही, गूळ, शेव, बोरं. एका वेळी मूठभरच घ्या आणि सावकाश खा. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावं, हा जुन्या माणसांचा सल्ला मी पाळते. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण अर्धंच सांगा.

घरी न्यायची चव : येसर आमटी

शेवटी एक गोष्ट जी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसूनही करता येते. मराठवाड्याच्या लग्नघरात येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, आधी करून ठेवतात, कारण त्याची आमटी डाळ न शिजवता पंधरा मिनिटांत शंभर माणसांना पुरते.

येसरासाठी एक वाटी बाजरी, अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, पाव वाटी गहू आणि पाव वाटी उडदाची डाळ वेगवेगळी, मंद आचेवर खमंग भाजा. एकत्र भाजाल तर उडीद जळतो आणि बाजरी कच्ची राहते. मग पाव वाटी धणे, दोन चमचे जिरं, दोन चमचे तीळ, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, सहा-सात लवंगा, तेवढीच मिरी, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि आठ-दहा सुक्या मिरच्या तेलाच्या थेंबावर भाजा. सगळं पूर्ण गार झाल्यावर एकत्र बारीक दळा, हळद आणि हिंग मिसळा. कोरड्या बरणीत दोन महिने सहज राहतं.

आमटी करताना चार वाट्या पाण्याला चार मोठे चमचे येसर घ्या आणि ते थोड्या गार पाण्यात आधी कालवा. गरम पाण्यात थेट टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि तिखट घालून त्यावर कालवलेलं येसर आणि उरलेलं पाणी ओता. मीठ, चिंचेचा कोळ, बोराएवढा गूळ. उकळी येईपर्यंत हलवत राहा, मग आच कमी करून दहा मिनिटं उकळू द्या. वर तेलाचा तवंग आला की झाली. ती उकळताना दाट होत जाते, म्हणून वाटते त्यापेक्षा पातळच ठेवा. भाकरी ताटात बारीक कुस्करायची, मधे आळं करायचं, त्यात ही आमटी ओतायची आणि वरून कच्च्या तेलाची धार धरायची.